माझी मान वाकवणारा

मी सात नंबरची काठी बोलतेय. गोल्फची. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. एका माणसानं माझी मान वाकवली, आणि त्याचं वाटोळं झालेलं बघायचं, या एका इच्छेवर मी इतकी वर्षं काढली.

माझा जन्म वर्कशॉपमधला. तापलेल्या पोलादावर घण घालून मला घडवलं. पोलाद मुद्दाम मऊ घेतलं होतं, मारताना हाताला दणका बसू नये म्हणून. हा मऊपणाच पुढे माझ्या मुळावर आला.

मला घडवून घेतलं मास्तरांनी. ते मैदानावर गोल्फ शिकवायचे. त्यांची मुलगी लहानपणी जिन्यावरून पडली होती, तिचा उजवा खांदा कायमचा अधू झाला होता. तिला जोरानं मारता यायचं नाही. मास्तर कारागिराशेजारी स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, "हिचा जोर कमी आहे. जे जोरानं व्हायचं, ते काठीनं करायला हवं."

म्हणून माझं तोंड, म्हणजे चेंडूला लागतो तो सपाट भाग, नेहमीच्या सात नंबरपेक्षा जरा जास्त मागे कललेलं ठेवलं. आमच्यात नंबर जितका मोठा तितकं तोंड जास्त कललेलं, चेंडू उंच जातो पण जवळ पडतो. चेंडू वर जातो तो मनगटानं उचलल्यामुळे, असं लोकांना वाटतं. बिचारे खालून उचलायला जातात आणि फजिती करून घेतात. अहो, चेंडू वर जातो तो आमच्या तोंडाच्या कलामुळे! माझं वजन खाली, तळव्याकडे ठेवलं, म्हणजे चेंडू आणखी सहज उठतो. दांडा लवचीक दिला. तळवा जरा फुगीर ठेवला, म्हणजे मी गवतात रुतत नाही, वरून घसरते. मी मारलेला चेंडू उंच जायचा, उलटी फिरकी घेऊन पडायचा आणि पडल्या जागी थांबायचा.

त्या मुलीला सगळे ताईच म्हणायचे. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, म्हणून बाकीचेही. धाकट्याच्या अंगात बैलाची ताकद. तो मारायचा लांब, पण चेंडू खळग्यावरच्या झेंड्याजवळ पडून पार पलीकडे घरंगळत जायचा. ताई माझ्याकडून मैदानातल्या तळ्यापलीकडे अलगद चेंडू ठेवायची. ते धाकट्याच्या नाकाला झोंबायचं. हसून टाळ्या वाजवायचा खरा, पण त्याचे डोळे हसायचे नाहीत. मी ते तेव्हाच बघून ठेवलं होतं.

मास्तरांची एक शिकवण होती. मारताना काठीकडे बघायचं नाही, फक्त चेंडूकडे बघायचं. ताईच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की पिशवीतून मला काढताना ती माझा नंबरसुद्धा बोटानं चाचपायची. नजर चेंडूवरून हलायची नाही.

मास्तर गेले. त्यांची जागा दोघा मुलांपैकी एकाला द्यायची असं मैदानाच्या कमिटीनं ठरवलं. दोघांनी एक सामना खेळायचा, जिंकेल तो मास्तर. ताईला ती जागा जिवापाड हवी होती. बापाच्या शेवटच्या दिवसांत त्यांचे विद्यार्थी तीच तर सांभाळत होती.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी धाकट्यानं मला पिशवीतून काढलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. माझं डोकं शिकंज्यात आवळलं, मानेत लोखंडी दांडका अडकवला आणि दातओठ खाऊन ओढला. माझं तोंड मागे कललेलं होतं, ते त्यानं पुढे आणून ताठ केलं. थोडंसंच, आठनऊ अंश असेल. एवढा फरक कोणाच्याही लक्षात आला असता, नुसतं खाली बघितलं असतं तर. पण ताई बघणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बापाची शिकवण त्यानं बहिणीवर अशी उलटवली! तेव्हाच मी ठरवलं, तुला मी सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तळ्यापर्यंत दोघं बरोबरीत होते. ताईनं बोटानं नंबर चाचपला, मला घेतलं, चेंडूकडे बघितलं आणि अगदी सुरेख मारलं. तिचं काही चुकलं नाही हो. पण तोंड ताठ झाल्यावर फुगीर तळवा मागे गेला होता आणि पुढची धार खाली आली होती. मी मातीत घुसले, गवताचं ढेकूळच उडालं. चेंडू जमिनीलगत निघाला. कमी जोराचा चेंडू उंच गेला तरच तळं ओलांडतो. तो गेला नाही, पाण्यात पडला.

"माझा खांदा गेला," एवढंच ताई म्हणाली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आम्हाला कुठलं तोंड? म्हणजे तोंडच तेवढं आहे म्हणा, आवाज नाही.

ताईनं खेळ सोडला. अख्खी पिशवी धाकट्याला देऊन टाकली आणि चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. दिवसभर लोकांना वर बघा, खाली बघा म्हणत राहिली.

धाकट्यानं मला गुपचूप पहिल्यासारखं करून ठेवलं असतं तर पुरावा मिटला असता. पण हावरट मेला! एकदा त्यानं माझ्याकडून मारून बघितलं. त्याच्या राक्षसी जोराला ताठ तोंड मानवलं, चेंडू लांबच लांब गेला. मग काय, माझ्या तळव्यावरचा सातचा आकडा दाखवत तो विद्यार्थ्यांपुढे फुशारकी मारायला लागला. बघा, तुमचा पाच नंबर जातो तिथे माझा सात नंबर जातो! स्वतःच्या पापाचा पुरावा रोज हातात घेऊन मिरवत होता. मी निमूट त्याच्या हातात राहिले. मिरव म्हटलं, किती मिरवायचं ते मिरव.

मग बऱ्याच वर्षांनी मैदानावर एक यंत्र आलं. मारलेला चेंडू किती अंशांत उठला, किती फिरकी घेऊन गेला, सगळं पडद्यावर दाखवतं. कमिटीच्या चिटणीसांनी सगळ्यांना बघायला बोलावलं. ताईच्या मुलीला खेळ शिकायचा होता, म्हणून मायलेकीही आल्या होत्या.

धाकट्यानं अर्थातच मला काढलं आणि ठोकलं. पडद्यावर आकडे आले. चिटणीस चष्मा वर करून म्हणाले, "हे तर पाच नंबरचे आकडे दिसतात. यंत्र बिघडलं की काय?" धाकटाही हसून यंत्रालाच नावं ठेवायला लागला.

ताईनं हात पुढे केला. सगळ्यांसमोर त्याला मला द्यावंच लागलं. तिनं मला चेंडूमागे टेकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घालून माझ्याकडे बघितलं.

"ताई, काठीकडे काय बघतेस?" धाकटा म्हणाला. "चेंडूकडे बघ. बाबा काय सांगायचे?"

त्याच पिशवीतली सहा नंबर काढून ताईनं माझ्याशेजारी टेकवली. सातचं तोंड सहापेक्षा जास्त कललेलं हवं. इथे सात नंबर पाचासारखी ताठ. आणि माझ्या मानेवर दांडक्याचे दोन ओरखडे. पोरासोरांनाही दिसलं.

"सामन्याआधी की नंतर?" ताईनं विचारलं.

"नंतर गं. मला लांब मारायचं होतं म्हणून."

"मग त्या दिवशी मी ढेकूळ कसं उडवलं? ही काठी कधी रुतत नव्हती."

त्या सामन्याला पंच होते चिटणीसच. ते हळूच म्हणाले, "ते ढेकूळ मी स्वतः परत जागेवर बसवलं होतं. आठवतंय मला. केवढं होतं ते."

ताईनं आपला खांदा चोळला. इतकी वर्षं तिनं त्या खांद्याचा रागराग केला होता. मग म्हणाली, "म्हणजे माझा खांदा बरोबर होता."

धाकटा जवळ येऊन पुटपुटला, घरातली गोष्ट आहे, घरात मिटवू. ताईनं मला त्याच्याकडे परत दिलं नाही.

आता मास्तरांच्या जागेवर ताई आहे. धाकट्याला कमिटी काढणारच होती, पण ताईनं शब्द टाकला आणि त्याला मैदानावर चेंडू वेचायचं काम मिळालं. भावाला सांभाळून घेतलं, म्हणून लोक तिचं कौतुक करतात. करू देत बापडे.

कारागीर मला पहिल्यासारखं करून द्यायला तयार होता. ताई नको म्हणाली, आणि माझंही तेच मागणं आहे. मला तळं पुन्हा ओलांडायचं नाही. शिकवणीच्या खोलीत मी सहा नंबरशेजारी भिंतीवर टांगलेली असते. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचा पहिला धडा मीच. ताई म्हणते, आधी काठीकडे बघायला शिका, आणि मला त्याच्या हातात देते. तो बघतो, दोघींना शेजारी ठेवतो, आणि विचारतोच, ही कोणी वाकवली?

"माझ्या भावानं," ताई सांगते. चांगलं मोठ्यानं सांगते.

बाहेर धाकटा टोपली घेऊन चेंडू वेचत असतो. त्याला सगळं ऐकू जातं. त्या बाजूची खिडकी ताई कधीच लावत नाही.