आक्काचा अर्धा कॅन

माघातल्या कोवळ्या उन्हात, भेगाळलेल्या काळ्या रानातून ज्वारीचं धाट मुळासकट उपटलं की एक कोरडा, तुटक आवाज येतो. तो कानावर पडला की मला माझी थोरली बहीण, आक्का, आठवते. बेंबळीच्या शिवारात ती पात, म्हणजे काढणीत आपल्या वाट्याला आलेल्या ओळी, धरून पुढे सरकायची तेव्हा बाकीच्या बायका गप्पांत मागे राहत आणि तिच्या हातांची लय मात्र संध्याकाळची उन्हं पिवळी पडेपर्यंत ढळत नसे. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. लाज मात्र भरपूर.

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा घरात सल्ल्यांचा सुकाळ झाला. आक्कानं सल्ला दिला नाही. "माझं एक घ्या," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापू लागली. दाजींनी मान हलवली, कारण तिनं ठरवल्यावर मान हलवण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरत नसे.

देणाऱ्याची मूत्रपिंडं रक्त कितपत गाळतात हे आधी मोजावं लागतं. त्यासाठी दवाखान्यातून एक पांढरा कॅन मिळाला: एका दिवस-रात्रीची सगळी लघवी त्यात धरायची, एक वेळही चुकवायची नाही. आक्कानं तो लुगड्याच्या धडप्यात असा गुंडाळून नेला, जणू चोरीचा माल. परत आणला तेव्हा तो जेमतेम अर्धा होता.

"सगळी धरली होती ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आक्कानं एकवार माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. "व्हय, सगळी."

त्या हिशोबानं तिचीच मूत्रपिंडं कमी काम करत होती. तिला देता येणार नव्हतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्यापेक्षा तिचीच काळजी वाटली. पण रक्ततपासणीचा आकडा चांगला आणि कॅनचा वाईट, हे बाईंना जुळेना. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. माझी बायको आत राहिली. पुढचं तिनं सांगितलं ते असं. आक्का बाईंना म्हणाली:

"रानात काढणी चाललीया बाई, गडीमाणसं हायत. तिथं कॅन घिऊन कुठं बसू? दोनतीनदा तशीच आडोशाला जाऊन आले. आन् भावाम्होरं हे कसं सांगू?"

बाई हसल्या नाहीत. तुमची मूत्रपिंडं नव्हे, आमची मोजणी चुकली, असं म्हणाल्या आणि नवा कॅन दिला. या खेपेला आक्का भर काढणीत घरी बसली. ओट्यावर पाय दुमडून, रिकामे हात मांडीवर ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याला "बसून बसून हात सुजलं माझं" असं सांगत. काम न करण्याचे कष्ट तिनं आयुष्यात तेवढे एकदाच उपसले. कॅन भरत आला. आकडा चांगला निघाला. नंतरच्या स्कॅननंही त्यालाच दुजोरा दिला. तिचं डावं मूत्रपिंड माझ्या उजव्या कुशीत आलं.

त्यानंतर तिनं कैक सुग्या काढल्या, मीही पाहिल्या. गेल्या उन्हाळ्यात रानातून परतताना तिला मोटारसायकलनं उडवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही. मी रडलो, आणि औषधाची वेळ झाली म्हणून रडता रडता गोळी घेतली, कारण तिचं जे उरलं होतं ते मला सांभाळायचं होतं.

परवा बाईंनी मलाही एका दिवसासाठी कॅन दिला. ज्वारीची काढणी होती, रानात बायामाणसं होती. मी तो कशात न गुंडाळता, सगळ्यांना दिसेल असा हातात घेऊन बांधावरून गेलो. कुणी हसलं, कुणी विचारलं. एक थेंबही सांडू दिला नाही. आकडा चांगला आला तेव्हा बाई म्हणाल्या, "छान काम करतंय." काळ माणूस नेतो, त्याचा आवाज आणि चेहराही हळूहळू पुसत नेतो, पण माझ्या कुशीत आक्का अजून पात धरून आहे, आणि अजून उन्हं पिवळी पडलेली नाहीत.