कुसळी काठ

"इळा खाली ठेव," मानीबाई शेताच्या धुऱ्यावरून म्हणाली. "काय म्हणून राह्यली मी तुले, संजय?"

संजयने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि काठावरच्या कुसळी धानाची आणखी एक मूठ कापली.

मुकुटबनच्या अलीकडे, तांड्याच्या तळ्याखाली या मायलेकांची दीड एकराची एकच बांधी. चहूकडे कापूस फुटून पांढरा झालेला आणि मधोमध हे काळ्या लोंब्यांचं जुनं धान, काळीसाळ. बांधीच्या चारी अंगांनी मानीबाई दरसाल दोन हात रुंद कुसळी धान लावायची. खायला ते जाडंभरडं, पण लोंबीला बोटभर लांब ताठ कुसळं. रानडुकरानं तोंड घातलं की नाकाडात घुसायची. एकदा टोचलेलं डुक्कर त्या वाटेला पुन्हा फिरकत नसे. तिच्या सासूनंही धान असंच राखलं होतं.

यंदा शहरातली एक कंपनी काळीसाळ घ्यायला तयार झाली होती. जुनं वाण, बिनखताचं, बिनफवारणीचं. अट एवढीच की बांधीत दुसरं धान दिसता कामा नये. उद्या सकाळी कंपनीची अर्पिता शेत पाहायला येणार होती.

"याडी, कागदावर लिवलं हाय," संजय आईला म्हणाला. "दुसरं वाण दिसलं तं सारं शेत फेल."

"कागदाले डुकरं माहीत हायेत का?"

"एका रातीचा तं सवाल हाय. मी बसतो ना मचाणावर. फटाके आणले."

"तू जागशीन? सोताच्या लग्नात बोहल्यावर पेंगून राह्यलता तू."

शेजारच्या वावरात कापूस वेचणारी त्याची बायको राखी पदराआड हसली. संजय वरमला, पण हात थांबला नाही.

"मंग नको देऊ कंपनीले," तो म्हणाला. "म्या पोयाच्या सणालेच सांगतलं हाय. कोणी घेणारं नसंन तं पुढच्या साली इथं कपाशी."

आजूबाजूच्या कोण्याच तांड्यात आता काळीसाळ राहिली नव्हती. या बांधीत कपाशी आली की बी संपलं. म्हणून मानीबाईनं इळा हिसकावला नाही. धुऱ्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. कुसळी धानाच्या पेंढ्या गोठ्यात नेऊन टाकल्या, तर बैलांनीही हुंगून तोंड फिरवलं. संध्याकाळी तिनं भाकर ताटात तशीच ठेवली आणि तीनदा दारात जाऊन आली.

"काय पाह्यता मामी?" राखीनं सासूला विचारलं.

"काई नाई."

उजाडताच ती बांधीवर पोचली. कडेच्या चार ओळी सोडल्या तर सारी बांधी लोळवलेली. काळ्या लोंब्या चिखलात तुडवलेल्या, जागोजागी नाकाडानं उकरलेलं. संजय मचाणाखाली उभा होता, डोळे लाल.

"फटाके सरले," तो म्हणाला. "मंग डोया लागला."

तिनं एक तुडवलेली लोंबी उचलून पदराला पुसली. शिवीपेक्षा ते त्याला जास्त लागलं.

आठ वाजता अर्पिता स्कुटीवरून आली. पंचविशीची, यवतमाळची पोरगी. बांधी पाहून तिनं हेल्मेटही काढलं नाही.

"आजी, हे काय झालं?"

"डुकरं जेवून गेले."

अर्पितानं साहेबांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ काही विचारणं चाललं होतं. "नाही सर, दुसरं वाण एकही नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग खाली पाहत बोलली, "साहेब म्हणाले, शेत पास आहे."

संजय खाली बसला.

"अन् काठावर कुसळं असते तं?" मानीबाईनं विचारलं.

"तर मला फेल लिहावं लागलं असतं." अर्पितानं डिक्कीतून नव्या पिशव्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येकीवर मानीबाईचा फोटो. "ह्या छापून आल्या होत्या. मी साहेबांना कुसळाचं सांगते, पण ऐकतीलच असं नाही."

"फोनवर नको सांगू. त्याईले इथं आण. एक रात मचाणावर झोपू दे."

अर्पिताला हसू आलं, पण ते तिनं आवरलं.

"यंदा तुमच्या कंपनीले दाणा भेटणार नाई," मानीबाई म्हणाली. "राह्यलं ते बियाचं. दोन पिशव्या मातर ठेवून जाय." लुगडं खोचून ती चिखलात उतरली आणि तुडवलेल्यातून एकेक भरली लोंबी वेचून स्वतःचाच फोटो असलेल्या पिशवीत टाकू लागली.

दुसरी पिशवी उचलून संजयही उतरला. पिशवी अर्धी भरल्यावर, मान वर न करता, म्हणाला, "याडी, पुढच्या साली धानच लावू म्हणतो मी. काठासकट."

"तोंड कमी, हात चालव," मानीबाई म्हणाली. "चिखलात पडल्या दाण्याले उद्यापरवा कोंब फुटंन."