बारावी थाप

"मनगटातून मार, लोव्रो. तू गालिचा झटकत नाहीयेस," तिन्का म्हणाली.

मी फावड्याचं पातं बर्फाच्या खांबावर धरलं होतं. खांब आम्हीच खणून मोकळा केलेला, दीड वीत रुंद, कंबरेइतका उंच. दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर मोडेल, तितका वरचा उतार धोक्याचा.

तिन्का बचाव पथकात आहे. खाली गावात ती मला 'तुम्ही' म्हणते. झाडं संपली की आमच्याकडे सगळे अरे-तुरेवर येतात. तीन वर्षांपूर्वी याच उतारावरचा बर्फ कोसळला आणि माझ्या बायकोला, झाल्काला, तिच्या पथकानं उकरून काढलं; तोवर ती गेली होती. दोन दिवसांनी तिन्का आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "कुणालाच कळलं नसतं. तुम्हालाही नाही." त्या वाक्यावर मी तीन हिवाळे काढले. आता एकसष्टाव्या वर्षी शिकायला आलो, ते वाक्य खरं होतं का ते बघायला.

त्या दिवशी झाल्कानं खणून बघायला फावडं बाहेर काढलं होतं. मीच म्हणालो, "वर स्कीचा माग आहे की. सकाळीच कुणीतरी गेलंय. चल." तिनं फावडं परत बांधलं.

नऊ, दहा. मग कोपरातून. बाराव्या थापेला वरचा थर टेबलाच्या खणासारखा पुढे सरकला. खालचा बर्फ साखरेसारखा सुटा होता. मुठीत वळेना.

"झालं. आज इथूनच परत," तिन्का म्हणाली.

"किती वेळ लागला?"

"सतरा मिनिटं. तुझी पाठ धरली नसती तर दहा."

"झाल्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही इथं खणलं असेल. कितव्या थापेला मोडला?"

ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली.

"तिसऱ्या."

"तू तर म्हणालीस, कळलं नसतं."

"ते मी खाली, गावात म्हणाले. तुझ्या पायात दोन वेगळे मोजे होते, लोव्रो. एक तिचा. काय सांगणार होते?" तिनं चहा पुढे केला. "घे. रम जास्त पडलीय."

मी प्यालो. रागवायला हवं होतं, पण तेवढी ताकद नव्हती.

खालून एक जोडपं चढत आलं. पुरुष पुढे होता. "काय रे म्हाताऱ्या, दमलास?"

"बाराव्या थापेला मोडला. जाऊ नका."

"पण वर माग आहे की."

त्याच्या मागे बाईनं पाठीवरची पिशवी उतरवली होती. तिचा हात फावड्याच्या पट्ट्यावर होता आणि ती नवऱ्याकडे बघत होती.

"तिला खणू दे," मी म्हणालो. "सतरा मिनिटं लागतात."

तो काहीतरी पुटपुटला. बाई खड्ड्यात उतरली, शेजारीच नवा खांब कापू लागली. मी बर्फात बसलो आणि तिच्या थापा मोजू लागलो.