माझ्याखाली कोणीतरी गातंय

मी एक खेळ बोलतोय. पत्त्यांचा नाही, कबड्डीचाही नाही. टीव्हीला जोडायच्या जुन्या संगणकावर कॅसेटमधून चढवावा लागतो, तसला उड्या मारायचा खेळ. माझं नाव 'खेमाची उडी'. माझ्या सहाव्या पडद्यावर तीन भुतं आहेत आणि त्यांना इकडून तिकडे मीच फिरवतो. त्यामुळे मला भुताचं भय वाटेल असं कोणी म्हटलं असतं, तर मी हसलो असतो. पण ज्या फितीवर मी राहतो तिथे माझ्याआधी एक बाई राहत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

सुरुवातीपासून सांगतो. मंगरूळपीरला प्रसेनजित नावाचा एक लिपिक आहे, चाळिशीला टेकलेला. कोणाला प्लॉटचा नाद असतो, कोणाला गाडीचा. याला जुन्या संगणकांचा. वाशीमच्या एका भंगारवाल्याकडे त्याला हा काळा संगणक सापडला. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र. या यंत्रासाठी परदेशात कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी उड्यांच्या एका खेळाचे दोन भाग काढले होते. प्रसेनजित त्यांच्यावर फिदा. तिसरा भाग कधी निघालाच नाही, म्हणून तो यानेच लिहायला घेतला. निव्वळ हौस. त्याची बायको स्नेहा म्हणायची, "ऑफिसातून येता अन् पुन्हा आकडेच भरता. कायले हे?" तो नुसता हसायचा.

रूप मात्र त्याने मला इथलंच दिलं. माझा खेमा शेलूबाजारच्या जीपांच्या टपांवरून उड्या मारत जातो, सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवर चढतो, पाण्याच्या टाकीची शिडी गाठतो. पाय चुकला की थेट पहिल्या जीपवर. दिसायला मी बरा आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

पण संगणक बंद केला की मी संपलोच. म्हणून मला कॅसेटवर उतरवून ठेवावं लागतं, आणि कोऱ्या कॅसेटी आता मिळतात कुठे? प्रसेनजितने घरातला कधीचा बंद पडलेला टेप दुरुस्त केला आणि पेटीतून एक कॅसेट काढली. हिरवा कागद, 'भीमगीते, भाग दुसरा'. ही गाणी काय, मोबाईलवर केव्हाही मिळतात, असं त्याला वाटलं. विकतच्या कॅसेटच्या पाठीला खाचा असतात. त्या बुजवल्याशिवाय तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. या कॅसेटच्या खाचांत कागदाचे बोळे आधीच कोंबलेले होते. चला, काम वाचलं, म्हणून तो खूश झाला. ते कोणी कोंबले आणि कशासाठी, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

प्रसेनजित फार जपून वागणारा माणूस. कालची प्रत पुसून आजची ठेवायची नाही, हा त्याचा नेम. जुनी प्रत संपली की थोडी फीत मोकळी सोडायची आणि पुढे नवी उतरवायची. अशा माझ्या सात प्रती झाल्या, एकीमागे एक, चार-चार मिनिटांच्या. एक अख्खी बाजू माझीच झाली.

पहिल्याच प्रतीला मला ती लागली. कॅसेटवर माझ्या आकड्यांचा आवाज होतो, म्हणजे मी नुसती किंचाळी असतो, ऐकवत नाही. टेप जुना, खालचं धड पुसत नव्हता. माझ्या किंचाळीखाली कोणीतरी गात होतं, सावकाश, मधेच श्वास घेत. दुसऱ्या प्रतीलाही तीच. कधी तिच्यामुळे माझा एखादा आकडा हुकायचा, संगणक मला घ्यायला नकार द्यायचा, आणि प्रसेनजित टेपला टपली मारून म्हणायचा, फीत खराब दिसते. फीत नाही रे बाबा, माणूस आहे. पण माझं ऐकतो कोण?

ती कोण, ते मागच्या महिन्यात कळलं. प्रसेनजितचे वडील पंजाबराव, निवृत्त पोस्टमन, टेपाजवळ येऊन बसले. त्यांची बायको भागिरथा जाऊन बारा वर्षं झाली. तिचा पुण्यस्मरणाचा दिवस चार दिवसांवर आला होता.

"टेप सुधरला ना?" ते म्हणाले. "मंग अवंदा तुह्या मायची कॅसेट लावू. मले तिचा चेहरा आठवते, पण आवाज नाही आठवत आता. लय जोर लावतो, येतच नाही."

"कोणती कॅसेट, बाबा?"

"हिरव्या कागदाची. वरतं भीमगीते लिवलं हाये, पण आत तुही माय हाये. बजारातल्या गाण्यायवर तिचे गाणे भरले होते आमी. बोळे मीच कोंबले."

प्रसेनजितचा चेहरा खर्रकन उतरला. तेव्हाच सांगायला हवं होतं त्याने. पण "पाहतो" म्हणाला आणि चार दिवस कॅसेट शोधल्यासारखं करत राहिला. मी टेपातच होतो. शरमेने मेल्यासारखं झालं होतं मला.

पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी फोटोला फुलं वाहिली, मेणबत्ती लावली, वंदना झाली. स्नेहाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने टेप पुसायला घेतला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, हे पाहा, टेपातच होती." पंजाबरावांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं, आणि मी किंचाळलो.

प्रसेनजितने मान खाली घालून सगळं सांगितलं. पंजाबरावांनी टेपाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पलट्या बाजूले तर बजारातलेच गाणे होते, प्रसेनजित." एवढंच. तो टेप बंद करायला वाकला तर म्हणाले, "राहू दे."

चार मिनिटं ते माझी किंचाळी ऐकत बसले. मग प्रसेनजितने सोडलेली मोकळी फीत आली आणि तिच्यात ती होती, स्वच्छ. "चाफा गं दारीचा, उंच गं..." आणि पुन्हा मी. मला माझीच किळस आली. पंजाबराव हलले नाहीत. पुढची चार मिनिटं बसले, दोन शब्द मिळाले. आणखी चार मिनिटं, एक श्वास आणि अर्धा शब्द. स्नेहा डोळ्याला पदर लावून आत गेली. खीर तशीच निवून गेली.

सातवी प्रत सुरू झाली. ती संपायच्या आत माझं मागणं सांगून टाकतो, नंतर माझ्याच्याने बोलवणार नाही. माझ्या सातव्या पडद्यात एक चूक राहिली आहे, टाकीच्या शिडीवरून खेमा आरपार खाली पडतो. माझी नक्कल परदेशातल्या दोन-चार शौकिनांकडे गेली आहे, ते विचारत असतात, पुरा कधी होणार. प्रसेनजित, मला पुरा करू नकोस. माझ्यापुढे अर्ध्या मिनिटाची फीत उरली आहे, तेवढीच आता तिची. पलटी बाजू मोकळी आहे म्हणू नकोस, हात चुकतो, मी पाहिलंय. त्या टेपाचं रेकॉर्डचं बटण आता दाबूच नकोस. पडू दे खेमाला.

मी संपलो. थोडी खरखर झाली. मग ती आली, पण गाणं नव्हतं, नुसतं बोलणं होतं.

"अवो, झालं ना माह्यं गाणं? बंद केलं का, का चालूच हाये हे?"

पंजाबराव टेपाजवळ वाकले.

"चालूच हाये, भागिरथा," ते म्हणाले. "बोल तू."