मधली मोकळी जागा

तिने ढगांच्या कड्याला रेघ मारली, मधली मोकळी जागा नेहमीसारखी वगळली आणि कालचा ताळ्याचा कागद पुन्हा वाचला. मतभेद: शून्य. तीन महिने हेच चाललं होतं.

उपग्रहाने टिपलेले उष्ण समुद्रावरचे लहान ढग पडद्यावर येत. कुठे विखुरलेले, कुठे रांगेत, कुठे कडं धरून. त्यांची मांडणी ओळखायची आणि रेघेने बांधायची. प्रत्येक चित्र दोघांनी वेगवेगळं बघायचं. दुसरे कोण हे तिला माहीत नव्हतं, भेटायचं तर नावच नको. एकाचं मत दुसऱ्याला लागू नये म्हणून तसा नियमच होता. दोघांच्या रेघा ताडून रोज सकाळी ताळ्याचा कागद यायचा. त्यावर मतभेदांचा आकडा आणि दुसऱ्याच्या कारणाची फक्त एक ओळ असायची.

अकरा वर्षं ते दुसरे मधली मोकळी जागाही रेघेत घेत आले होते. कारणात लिहायचे, 'तिथला ढग बरसून गेलाय. त्याचीच गार हवा पसरली, म्हणून कडेला हे उठले.' ती उलट लिहायची, 'जे नाही त्याची मोजदाद कशी करायची?' तिने त्यांचं नाव आडमुठे ठेवलं होतं. घरी तिच्याशी भांडायलाही कोणी नव्हतं. तिला रोज सकाळी त्या कागदाची ओढ लागायची.

आता शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. ती साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, जाण्याआधी एकदा त्या आडमुठ्यांना भेटवा की."

"कोणाला?"

"दुसऱ्यांना. इतकी वर्षं माझं एक ऐकलं नाही, आणि आता तीन महिने 'ब्र' काढत नाहीत. म्हटलं, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"बाई, ते वारले. तीन महिने झाले. नियम आडवा आला... नाही, खरं सांगायचं तर राहूनच गेलं."



"मग ताळा कोणाशी लागतो?"

"मशीनशी. तुमच्याच जुन्या रेघांवर, तुमच्याच कारणांवर शिकवलंय तिला. तुमच्याइतकं नेटकं काम दुसरं कोणाचं होतं?"

साहेब मनापासून कौतुक करत होते. "तरीच," एवढंच म्हणून ती बाहेर आली.

जागेवर पुढचं चित्र थांबलं होतं. ढगांचं कडं आणि मधे स्वच्छ, निळा समुद्र. हात सवयीने आतल्या कडेला वळला. तिने ती रेघ पुसली, बाहेरून एकच मोठी रेघ मारून सगळं आत घेतलं आणि कारणात लिहिलं, 'तिथला ढग बरसून गेलाय.'

सकाळी कागद आला. मतभेद: एक. खाली मशीनचं कारण होतं, 'जे नाही त्याची मोजदाद कशी करायची?'

तिने खुर्ची पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्या वतीने भांडायला बसली.