पाव किलोचं माप

कांदिवलीच्या दुकानाने आमची चाळीस पाकिटं परत पाठवली. जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, चांगला होता, कडकडीत वाळलेला होता. तक्रार लेबलाची होती. ते मीच लिहिलं होतं, आणि मला वाटलं होतं, झकास लिहिलंय: 'कृष्णाबाईंचा वेसाव्याचा सुका जवळा. एक माप, शीग लावून.' शीग म्हणजे काठाच्या वर चढवलेला ढीग. कृष्णाबाई म्हणजे माझी सासू.

दुकानातला शौनक फोनवर म्हणाला, "कल्पिताताई, माप-बिप चालत नाही. कायदाच आहे, पाकिटावर वजन ग्रॅममध्ये नाहीतर किलोत पाहिजे. सोमवारपर्यंत नवीन लेबलं लावून द्या. नाहीतर पावसाळ्याआधीची ऑर्डर दुसरीकडे द्यावी लागेल."

यात काय एवढं? माप भरायचं, काट्यावर ओतायचं, आकडा लिहायचा. मी सासूला म्हटलं, "आई, तुझं माप दे गं जरा."

"कशाला?"

"वजन करायला."

"पाव किलोचा माप हाय. पाव किलो लिव."

"अगं, पण काट्यावर बघू तर दे."

तिने माप पदराखाली घेतलं. "नाय. आनि माझा नाव काढ त्या कागदावरचा."

मी बघतच राहिले. ही बाई पंचेचाळीस वर्षं बाजारात बसलीय. कोणी तिच्या मालाला नावं ठेवली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. पहिलं लेबल छापून आलं तेव्हा तिने ते हातात घेऊन बाजूला ठेवून दिलं होतं, तेव्हाच मला खटकलं होतं. आता नाव काढ म्हणते? मला चौकशीची खोड आहे, माझा नवरा निमेश त्यावरून रोज टोमणे मारतो. पण खोड आहे तर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंदरावर गेली आणि मी माप काढलं. शीग लावून भरलं, काट्यावर ओतलं. २२५ ग्रॅम. पुन्हा भरलं. २२४. माझं डोकंच फिरलं. मुलीची पट्टी आणून मापाला लावली. बाहेरून उंची पंधरा सेंटिमीटर, आतून साडेतेरा. आत बोट फिरवलं तर तळाशी कडेने डाग देऊन जोडल्याची खरबरीत रेघ लागली. तळावर दुसरा तळ बसवलेला होता.

मला रागापेक्षा लाजच जास्त वाटली. वेसाव्यातल्या निम्म्या घरांत हिच्या हातचा जवळा गेलाय.

ती आली तेव्हा माप आणि पट्टी समोरच ठेवली होती. तिने एकदा बघितलं आणि खाली बसली.

"तू बसवलास हा तळ?"

"सासूनं. मी लगीन करून आले त्याच्या आधी."

"आणि तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या आठवड्यात. वाण्याकडं तोलून बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

"एकोणीस वर्साची होते गं. सासूचा माप खोटा हाय, ह्या कोनाला सांगू?" तिने गुडघ्यावरचा हात उघडला, मिटला. "मग वरून मूठ टाकायला लागले."

ती मूठ मी रोज बघत होते. शीग लावून झाली की वर एक मूठ जवळा. गिऱ्हाईक खूश. मला वाटायचं, हा धंद्याचा नखरा आहे.

"सासू मरेपर्यंत मना उधळी म्हनाली."

"ती गेल्यावर तरी टाकायचं ना हे माप."

"नवीन आतून खोल दिसला असता. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून बघितली असती. मेलेल्या बाईची अब्रू काढू?"

मी तिच्यापुढे टोपली सरकवली. "मूठ भर बघू." काट्यावर २७ आले. "आई, २२५ आणि २७. तू जास्तच देत होतीस."

"रोज तेवढी भरली असंल? थंडीत बोटं आखडतात. आजारी असताना तर हात थरथरायचा." ती काट्याकडे बघत होती. "कमी गेला असंल कोनाला. म्हनून नाव नको."

मी एक पाकीट घेतलं आणि थेट काट्यावर भरलं, माप बाजूला. २५० वर आकडा थांबला. तिचा हात सवयीने टोपलीत गेला होता, मूठ भरून वर आला होता.

"आता नको आई. पूर्ण आहे."

"नक्की?"

"बघ ना."

"परत ठेव."

मी पाकीट उचलून परत ठेवलं. २५०.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदाही ठेवलं. तिने मूठ हळूच टोपलीत सोडली, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "लिव नाव."