दिव्यावरची काळी पट्टी

मी एक जुनी आलिशान गाडी आहे. ‘जुनी’ म्हणताना माझी मान खाली जात नाही आणि ‘आलिशान’ म्हणताना मी आवाज बारीक करत नाही. मित्रांनो, ज्यांना बढाई सोसत नाही त्यांनी जरा बाजूला उभे राहावे, कारण आता मी हॉर्न वाजवणार आहे.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. माझ्या अंगावर काळ्या रंगाचे थरावर थर चढले आणि प्रत्येक थरानंतर पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने दिव्याखाली मला निरखून पाहिले. माझी आसने खऱ्या चामड्याची. माझे दार धाडकन लागत नसे, जाड पुस्तक मिटावे तसे मिटे. चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे होते, त्यामुळे खड्डा आला तरी मागे बसलेल्याच्या कपातला चहा हिंदकळत नसे.

एका कंपनीच्या मोठ्या साहेबांनी मला घेतले. मला चालवणाऱ्या माणसाला सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. काका गाडीला अजिबात हिसका बसू देत नसत आणि त्यांचा एक नियम होता, मागच्या माणसाला घाबरवायचे नाही. वाटेत माझे काही बिनसले तरी ते “काही नाही साहेब, पोहोचतो आपण” एवढेच म्हणत. साहेब उतरले की मला थेट गॅरेजमध्ये नेत. बिल परस्पर कंपनीकडे जाई. त्यावरचा आकडा काकांनी कधी पाहिलाच नाही.

पुढे साहेबांनी नवी गाडी घेतली आणि निवृत्त होता होता काकांनी मला विकत घेतले. एवढी मोठी गाडी, आणि तीही इतक्या स्वस्तात! शिवणकाम करून घराला हातभार लावणाऱ्या काकूंनी मला पाहून विचारले, “अहो, ही आपल्या घरात मावायची की आपलं घर हिच्यात?” काकांनी अदबीने मागचे दार उघडले. “बसा, मालकीणबाई!” काकू लाजल्या, पण बसल्या. त्या दिवशी मला जो मान मिळाला तो साहेबांच्या काळातही मिळाला नव्हता.

पण मित्रांनो, उतरली होती ती माझी किंमत. माझ्या सुट्या भागांची नव्हे. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही. आधी किल्ली रुसली, ती परदेशातून मागवावी लागली. मग काचा वर चढेनात. मग गिअरबॉक्सने उचक्या द्यायला सुरुवात केली. शेवटी हवेचे फुगे गळू लागले. संध्याकाळी ऐटीत उभी केलेली मी सकाळी पोट टेकून बसलेली सापडे. शेजारी म्हणत, “बसली म्हैस!” इंजिन सुरू झाले की मी हळूहळू उठे, आणि त्या उठण्यातही माझी ऐट असे. काकांचा मुलगा म्हणे, “बाबा, हा पांढरा हत्ती काढून टाका आता.” मी काळी कुळकुळीत, आणि मला पांढरा म्हणतो! मला फार राग येई.

फुगे बदलायचे म्हणून काकू शिलाईचे पैसे बाजूला टाकू लागल्या. तोवर बिघाड सांगणारा माझा पिवळा दिवा काकांसमोर सतत पेटलेला असे. काकूंनी एकदा मागून मान लांब करून विचारले, “तो दिवा कसला हो?”

“काही नाही. पोहोचतो आपण,” काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

आता घोटाळा असा, की माझ्या पुष्कळ दुखण्यांना तो एकच दिवा आहे. कोणते दुखणे, ते त्याच्याखाली अक्षरांत उमटते. पट्टीखाली दिवाही गेला आणि अक्षरेही गेली.

एका दुपारी आम्ही लेकीच्या नव्या घरी निघालो. मधल्या चढावर, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीचा जोड तडकला. पट्टीखाली मी ओरडत होते. तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. काका समोर पाहत गाडी हाकत राहिले. अखेर माझ्या तोंडातून वाफेचा लोट निघाला आणि मी जागच्या जागी थांबले. एवढ्या वर्षांत मी कुणालाही अशी रस्त्यात सोडली नव्हती, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मेकॅनिक आला, त्याने जोड पाहिला, मग आत डोकावून पट्टी सोलली. “काका, ही बिचारी केव्हाची सांगतेय!” एवढे बोलून तो कामाला लागला.

काकू मागून उतरून पुढे येऊन बसल्या. “पट्टी का लावलीत?”

“मागच्या माणसाला उगाच भीती नको म्हणून.”

“मी तुमच्या मागचं माणूस आहे होय?” काकूंनी बोट दाखवले. “आणि काट्यावर तर पट्टी नव्हती. तो कसा नाही दिसला?”

मी मात्र जाणून होते. काका हल्ली ब्रेक उशिरा लावत आणि समोरून गाडी आली की स्टीअरिंग घट्ट आवळत.

“उजव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय,” काका शेवटी म्हणाले. “डाव्यातही आलंय थोडं. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा. पण तुझे साठवलेले पैसे हिच्या फुग्यांसाठी आहेत ना! डोळ्याचं पुढच्या वर्षी बघू. अख्खा जन्म गाडी चालवली गं मी. ड्रायव्हरलाच दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?”

काकूंचे डोळे भरून आले, पण आवाज करडाच राहिला. “गाडी बसली तर बसू दे. तुम्ही कुणाचं लेकरू उडवलंत तर काय करायचं? आधी डोळे.”

“मग हिला विकून टाकू,” काका कसेबसे म्हणाले.

माझ्या काळजाचे पाणी झाले. “विकायची कशाला?” काकू म्हणाल्या. “बसून काही खात नाही ती.”

मेकॅनिकने मला घरी आणून सोडले. काकांच्या डोळ्यांची ऑपरेशने होईस्तोवर मी कापडाखाली पोट टेकून बसून राहिले. शेजारी हसले. खुशाल हसोत! माझ्या फुग्यांचे पैसे एका माणसाच्या डोळ्यांना लागले होते. साहेबांच्या दारात सलाम घेतानाही मी इतकी ताठ नव्हते. मित्रांनो, गाडीला तेलपाणी वेळच्या वेळी द्या, ती तुम्हाला जन्मभर साथ देईल. पण तिचा दिवा पेटला तर तो झाकू नका, आणि स्वतःचाही झाकू नका. घरातल्या माणसांना सांगा. त्यात कसली आलीय लाज?

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी काकांनी माझ्यावरचे कापड ओढले आणि माझ्याभोवती एक फेरी मारून ओरडलेच. “अगं, बाहेर ये! हिला कुणी ओरबाडलं?”

“तुम्हीच. फाटकाचा खांब, येता-जाता.”

“मग बोलली का नाहीस?”

“रोज म्हणायचात, हिच्या अंगावर एक ओरखडा नाही. सांगायला जिवावर यायचं हो.”

काकांनी एकेका ओरखड्यावरून बोट फिरवले. चामड्याच्या चिरा पाहिल्या, गंजलेला कोपरा पाहिला, खाली वाकून माझे टेकलेले पोट पाहिले. मी अंग चोरून घेतले. आता काय म्हणतील?

काका दोन पावले मागे सरले. “काय पण रुबाब आहे!” ते म्हणाले. माझी स्तुती पुष्कळांनी केली, पण सगळे नीट पाहून ती कुणी केली असेल, तर ती त्या सकाळी काकांनी.